साहेबाचं पदक आणि माझं भाषांतर

आमच्या बाबांचा साहेब म्हणजे आगाशी गावाला पाठ झालेला माणूस. इंग्रज, नौदलातला. पोरवयात जहाजावर चढला, युद्धात जहाज बुडालं तेव्हा सहा खलाशांना पाण्यातून ओढून काढलं, राजाच्या हातून पदक घेतलं आणि ॲडमिरल होऊन निवृत्त झाला. बाबा त्याच जहाजावर त्याचं चहा-जेवण बघायला होते. ही कहाणी त्यांनी इतक्यांदा सांगितली होती, की ते ओटीवर येऊन बसले की लोक म्हणत, "चला, आता जहाज बुडणार!"

नव्वद सालानंतर कधीतरी साहेबाचं पत्र आलं. मुंबईला येतोय, भेटायला येऊ का? झालं! बाबांनी अख्ख्या आळीला आमंत्रण दिलं. मी बँकेत, म्हणून भाषांतराचं लोढणं माझ्या गळ्यात. वर तंबी, "तुझा तो फटकळपणा आवर जरा."

साहेब काठी टेकत आला. पुढ्यात आम्ही घरची सुकेळी ठेवली, उन्हात वाळवलेली राजेळी केळी. एक खाऊन त्याने खिशातून पदकाची डबी काढली, बाबांसमोर ठेवली आणि उभा राहून इंग्रजीत बोलू लागला.

"त्या दिवशी मी होडीच्या तळाशी डोकं धरून पडलो होतो. सहाही माणसं यांनी ओढून काढली. अहवालात माझं नाव गेलं आणि मी गप्प बसलो. हे यांच्या गावासमोर सांगायला आलोय."

ज्यांची जन्मभर टिंगल झाली, ते आमचे बाबा? मी तोंड उघडणार, तोच बाबांनी माझा दंड धरला. इंग्रजी त्यांना पुरतं कळत होतं.

"सांगू नकोस."

"का? तुमचं आहे ते!"

"त्याआधी दोनदा तो माणसं काढायला जहाजावरच्या आगीत घुसला होता. तेव्हा कुणी विचारलंसुद्धा नाही. एकदा घाबरला, तर काय झालं गं? सांग, साहेबाला सुकेळी आवडली."

मला असा संताप आला! पण बाबा माझा दंड सोडेनात. सगळे माझ्या तोंडाकडे बघत खोळंबलेले. मी म्हटलं, "साहेब म्हणतात, अशी सुकेळी त्यांनी जगात कुठे खाल्ली नाहीत."

आणि काय सांगू! आपल्या केळ्यांचं कौतुक ऐकून आळीने टाळ्यांचा कडकडाट केला. म्हातारे उठून साहेबाचा हात हातात घेऊ लागले. शेजारच्या आजीने तर त्याच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

साहेबाला वाटलं, सगळं ऐकूनही ही माणसं आपल्याला जवळ घेताहेत. बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवून तो हमसून हमसून रडला. मग माझ्याकडे वळला. "सगळं सांगितलंस ना?"

"हो," मी म्हटलं, "सगळं."

त्या क्षणी बाबांचा इतका अभिमान वाटला की ऊर फुटेल, आणि तो बोलून दाखवायला अख्ख्या आगाशीत मला एक माणूस नव्हतं.