वरणाच्या डावावरचं नाव

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळात प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी स्मरणार्थ होती. पाण्याचं पिंप कुणाच्या मातोश्रींच्या, मसालेभाताचं पातेलं कुणाच्या सासऱ्यांच्या. चहा गाळतानाही एखादे कैलासवासी हाताला लागायचे. ही सगळी नावं माझ्या बाबांनी घातलेली. मंडळात डॉक्टर-इंजिनियर भरपूर. मशीन शॉपमध्ये काम करणारे बाबा एकटेच. भांडी कोरायची वेळ आली की सगळ्यांना त्यांची आठवण व्हायची.

ऐंशीनंतरची ती वर्षं. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच. मला स्कॉलरशिप मिळाली तीसुद्धा स्मरणार्थच. आमच्या हायस्कूलचे गणिताचे सर वारले, तेव्हा त्यांच्या बायकोने आपल्या चर्चमधल्या लोकांना हाताशी धरून ती सुरू केली. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या, कृष्णवर्णीयांसाठी काढलेल्या जुन्या कॉलेजांमध्ये जाणाऱ्या मुलांसाठी. सर तशाच एका कॉलेजात शिकले होते. त्या काळी गोऱ्यांच्या कॉलेजांनी त्यांना दारातसुद्धा उभं केलं नसतं. शाळा सुटल्यावर थांबून त्यांनी मला बीजगणित शिकवलं होतं, म्हणून मी त्यांच्याच कॉलेजात अर्ज केला. सरांच्या पत्नीने, बाईंनी, माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "तुमच्या लोकांत हे सांगशील, तेव्हा त्यांचं नाव घे." मी हो म्हटलं. मला वाटलं, यात काय अवघड? आमच्या मंडळाइतकं स्मरणार्थाचं महत्त्व कुणाला कळणार?

हायस्कूल संपलेल्या मुलांचा मंडळात शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हायचा. कॉलेजचं नाव पुकारलं की त्या नावाच्या वजनाप्रमाणे टाळ्या पडत. मंडळाचे अध्यक्ष, हृदयाचे डॉक्टर असलेले एक काका, माझी माहिती विचारायला आले.

"काळ्यांचं कॉलेज?" त्यांनी आवाज खाली आणला. हृदयविकाराची बातमीही ते इतक्या हळू देत नसावेत.

शेजारच्या काकू कळवळल्या. "अगं, इतके चांगले मार्क्स, आणि तुला दुसरीकडे कुठेच ॲडमिशन नाही? सेफ तरी असतं का गं तिथे?"

"पुढे लग्न ठरवताना काय सांगणार, यार?" त्यांच्या यजमानांनी बाबांना विचारलं. बाबा खुर्च्या मांडत राहिले.

माझी पाळी आली. काका माइकवर म्हणाले, "आणि ही आपली गुणी मुलगी, साउथला जाते आहे." जणू तिरुपतीला.

मी माइककडे वाकले. "काका, ही स्कॉलरशिप ज्यांच्या स्मरणार्थ..."

"हो हो, बेटा. जेवण गार होतंय," असं म्हणून त्यांनी माझ्या हातांत नारळ ठेवला. शाल खांद्यावरून घसरत होती; ती सावरेपर्यंत माइक पुढच्या मुलापाशी गेला होता. त्याचं कॉलेज वजनदार होतं.

गाडीत मी बाबांना म्हटलं, "सरांचं नाव राहिलं. बाईंना काय सांगू?"

सिग्नलला त्यांनी गाडी थांबवली. मग म्हणाले, "ते नाव मराठीत कसं लिहायचं?"

मंडळाची दिवाळी नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत व्हायची, सगळ्यांच्या सवडीने. मी कॉलेजातून घरी आले होते. पंगतीत बाबा वरण वाढत होते, नव्या, लांब दांड्याच्या डावाने. बाबांनी तो मंडळाला भेट दिला होता, आणि स्मरणार्थ दिलेली वस्तू नाकारायची आमच्यात पद्धत नव्हती.

अध्यक्षकाकांच्या ताटावर डाव आला. दांड्यावरची ठसठशीत देवनागरी अक्षरं त्यांनी चष्मा सरकवून वाचली, सत्काराच्या दिवशी माइकवर येऊ न दिलेल्या आडनावासकट, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशी.

"हे कोण हो? आपल्यातले वाटत नाहीत."

"हिचे सर," बाबा म्हणाले. "अजून वाढू?"