खिशातला फ्यूज

माझा धाकटा भाऊ लोकांच्या गच्च्यांवर सोलर बसवायचा. लहानपणी घरातला रेडिओ खोलून बसायचा आणि बोलणी मला खावी लागायची. पण हाताला देवाने गुण दिला होता. खांबावर चढणारा वायरमन त्याचा जिवलग मित्र. भेटला की म्हणायचा, "काय सोलरवाले, सूर्याला बिल पाठवलं का?" भाऊ म्हणायचा, "तू आधी खाली उतर, मग बोल."

लाइन गेली की सोलरचा इन्व्हर्टर आपणहून बंद पडतो, वर लख्ख ऊन असलं तरी. नाहीतर ती वीज उलटी तारेत शिरून खांबावरच्या माणसाचा जीव घेईल. भावाकडून सोलर बसवून घेतलेल्या एका औषधांच्या दुकानदाराला हे पटेना. "फ्रिजमधली इंजेक्शनं वाया जातात हो, काहीतरी करा!" भाऊ विरघळला. बॅटरीवरचा जुना इन्व्हर्टर त्याने असा जोडला, की सोलरला वाटावं लाइन आहेच. बजावलं मात्र, "लाइन गेली की आधी मेन स्विच पाडायचा. विसरलात तर माणूस जाईल."

एका दुपारी लाइन गेली आणि गिऱ्हाइकांच्या गडबडीत दुकानदार विसरला. नेमका वायरमन त्याच दुकानाची जळालेली तार बदलायला खांबावर चढला होता. करंट बसला. जीव वाचला, उजवा हात कोपरापासून गेला.

वीज ऑफिसने ठरवून टाकलं, चढण्याआधी लाइन बंद करायला याने भलताच फ्यूज काढला. गल्लीतही तेच. "डोकं ठिकाणावर नसेल."

शेवटी भाऊ माझ्यापाशी बोलला. "ताई, तोंड उघडलं तर लायसन्स जाईल. पोरांना काय खायला घालू?"

"हेच देवासमोर बसून विचार बघू मला," मी म्हटलं.

तो बसला नाही. चपला घातल्या.

दवाखान्यात मीही गेले. वायरमन छताकडे बघत होता. "फ्यूज माझ्या खिशात होता रे. मग करंट आला कुठून? मला वेड लागलंय का?"

"दुकानातून आला. जोडणी माझी."

मग वायरमन म्हणाला, "म्हणजे मी बरोबर फ्यूज काढला होता." आणि ढसाढसा रडला. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने त्याचा उरलेला हात धरला.

"ऑफिसात लिहून देतो," भाऊ म्हणाला.

"दे. आणि आता जा. परत येऊ नकोस."

भावाने लिहून दिलं. लायसन्स गेलं. आता तो पंखे दुरुस्त करतो. रात्री देवापुढे मी दोघांसाठी हात जोडते. रस्त्यात दोघं समोरासमोर आले तर वायरमन मान वळवतो, आणि भाऊ तो दिसेनासा होईपर्यंत तिथेच उभा राहतो.