कातडीतून भिनणारं औषध

जपानमधल्या ग्योतोकुतले आमचे शेजारी आजोबा पर्सिमॉनच्या फळझाडावर मॅलॅथिऑन हे कीटकनाशक फवारण्याआधी दारोदार सांगायचे, "कपडे आत घ्या, खिडक्या लावा." स्वतः मात्र साध्या सदऱ्यात फवारायचे.

यंदा औषध कालवताना बाटली अंगावर उलटली, तरी भिजल्या कपड्यांनीच ते फवारत राहिले. थोड्या वेळाने पाहिलं तर घामाने निथळत, लाळ गळत कुंपणाशी बसलेले. मला सातवा महिना होता, तरी धावले. त्यांनी कसाबसा हात वर केला. "शिवू नका! कातडीतून भिनतं हे. बाळाला बाधेल."

मी लांबूनच रुग्णवाहिका बोलावली. वेळेवर उतारा मिळाला, आजोबा वाचले.

घरी परतल्यावर माझीच माफी मागायला आले, मला धावायला लावलं म्हणून! मला जपानी शब्दच सुचेनात. "आत या हो, आजोबा," मी दार सताड उघडत चक्क मराठीत म्हणाले.

ते बूट काढून आत आले.