नवरीचे डोळे आणि जीपचं कॅरिअर

माझ्या हळदीच्या आदल्या दिवशी भर दुपारी मी आमच्या जुन्या जीपच्या टपावर उकिडवी बसले होते. हातात लोखंडी अँगल, आणि खाली अंगणात आई कपाळाला हात लावून उभी...

"लगीन हाय पोरीचं, अन् तुमी तिला टपावर चढवून राहिले?" हे अर्थात अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यात ते पटाईत होते.

ही गोष्ट दोन हजार साल उलटल्यानंतरची. आखाडा बाळापूरला रस्त्याच्या कडेला अण्णांचं वेल्डिंगचं दुकान होतं. लोकांची गेटं, खिडक्या, वखरं सगळं वेळेत, आणि घरचं काम कायम 'उद्या'वर. जीपच्या टपावर सामानासाठी कॅरिअर बसवायचं म्हणून वर्षभर नुसतं बोलणं चाललं होतं.

ते माझ्या कपाटावर येऊन ठेपलं. अण्णांनी माझ्यासाठी स्वतःच्या हातानं लोखंडी कपाट बनवलं होतं आणि ते नरसीकडे माझ्या सासरी जायचं होतं. सासरच्यांनी "टेम्पो पाठवू का?" असा साधा निरोप धाडला, तर अण्णा पेटलेच! "माझ्या लेकीचं कपाट माझ्याच गाडीवर जाईल." सगळ्या पाहुण्यांसमोर बोलून बसले... आता माघार कशी घेणार?

मग दुकानातले उरलेले अँगल निघाले. चौकटीला काही मिळेना, तेव्हा आईनं कुरकुरत का होईना, पण स्वतःच्या लग्नातला लोखंडी पलंग पुढे केला. त्याचे पाय कापले आणि चौकट टपावर ठेवली, तर काय सांगू... बराबर बसली!

मी त्या दुकानातच वाढलेली. वेल्डिंगचा टाका मारायला कधी शिकले, ते मलाही आठवत नाही. पुढचे दोन कोपरे मी जोडले, डोळ्यांसमोर काळी काच धरून, अगदी रीतसर.

घोळ झाला तो शेवटी. लाईट जायची वेळ झाली होती आणि टपाच्या कडेच्या पन्हाळीत अडकवायचे कॅरिअरचे पाय अजून जोडायचे होते. काच एकच होती. अण्णा काच धरून टाके मारत होते आणि मी दोन्ही हातांनी अँगल दाबून धरला होता. "डोळे मीट गं!" अण्णा दर टाक्याला ओरडायचे. पण डोळे मिटले की अँगल सरकायचा... मी बघतच राहिले.

ज्यांना वेल्डिंग लागलंय, म्हणजे त्याच्या झगझगाटानं ज्यांचे डोळे भाजलेत, त्यांना पुढचं सांगायला नको. रात्री डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं झालं. सकाळी आरशात बघितलं, तर डोळे सुजून लाल, आणि धारा काही थांबेनात. आईनं शेळीच्या दुधात भिजवलेला कापूस डोळ्यांवर ठेवला आणि अण्णांच्या नावानं जे काही म्हणायचं, ते म्हणून घेतलं.

तेवढ्यात नवरदेवाची उष्टी हळद घेऊन सासरच्या बायका आल्या. पुढे माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या मामी. अंगानं भक्कम, आवाज त्याहून भक्कम. मला पाटावर बघितलं आणि त्यांनी हळदीची वाटी पदराआड घेतली.

"पोरगी इतकी काहून रडली? मनाविरुद्ध तर न्हाई ना लगीन? आधी तिला इचारा, मग हळद."

 हळद परत गेली असती, तर अण्णांना गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. आणि मला लग्न हवं होतं हो! मनापासून हवं होतं. "रडले न्हाई मामी, वेल्डिंग लागलंय," मी म्हणाले, तर बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. नवरीला वेल्डिंग लागलेलं कुणी ऐकलंय का कधी?

 मग मीच उठले, मामींचा हात धरला आणि त्यांना जीपपाशी नेलं. डोळे उघडत नव्हते. चाचपडत बोनेटवर चढले, पुढच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि म्हटलं, "हा टाका माझा. अन् तो पलीकडचा पण."

मामींनी पदर खोचला आणि कॅरिअरला दोन्ही हातांनी असा हिसका दिला की अख्खी जीप हलली. कॅरिअर मात्र तसूभर हललं नाही!

"आगं बाई... पोरीनं केलं व्हय हे?" असं म्हणत त्यांनी वाटीतलं पहिलं बोट कॅरिअरला लावलं आणि दुसरं माझ्या गालाला. मांडवात जो हशा उसळला... मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहतच होतं. तेवढा अभिमान मला पुढे नोकरी लागली तेव्हाही वाटला नाही.

ती जीप कधीच भंगारात गेली. कॅरिअर मात्र मी सासरी आणलं. आज ते गोठ्यात चाऱ्याखाली आहे आणि त्याचा एकही टाका सुटलेला नाही. मामी आल्या की अजून त्याला हिसका देऊन बघतात.

पाठवणीच्या वेळी माझे डोळे चांगले निवळले होते. टपावर गोधडीत गुंडाळलेलं कपाट, आणि अण्णा उगाचच पुन्हा पुन्हा दोर ओढून बघत होते. त्यांचे डोळे लालबुंद. मामींनी विचारलं, तर म्हणाले, "काही न्हाई... परवाचं वेल्डिंग लागलंय."

 पण त्या दिवशी काच तर अण्णांच्याच डोळ्यांसमोर होती... उघड्या डोळ्यांनी मीच तर बघत होते.