पेशवाईतलं टोमॅटोचं सार

पेशवाईच्या नावाखाली मी अमेरिकेतल्या ट्रॉय गावी हॉलभर मराठी माणसांना टोमॅटोचं सार पाजलं, हा मूर्खपणा आधीच कबूल करून टाकते. २००५ साल. तेव्हा मी जेमतेम बासष्टची, म्हणजे अक्कल अजून यायची होती.

त्या उन्हाळ्यात माझ्या मुलाकडे आम्ही दोघी विहिणी एकदमच आलो होतो. शनिवारच्या मराठी शाळेत कार्यक्रम ठरला: १८१८ सालचं पुणं. पेशवाई बुडाली त्या साली साधी माणसं काय नेसत, काय खात, दिवा कशाचा लावत, ते मुलांनी सांगायचं. मदतीला घरातलं एक वडीलधारं. नातीनं निवडलं विहीणबाईंना. त्या नागपूरच्या, इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. आणि मी सदाशिव पेठेत जन्मलेली! पुणं माझं, अन् सांगणार नागपूरकरीण?

"आजी, तू फूड कर ना," नात म्हणाली. "यू आर सो गुड ॲट फूड."

रोज दुपारी त्या दोघी घरामागच्या लाकडी डेकवर डोक्याला डोकं लावून बसत. मी आत भांडी आपटत असे, कान मात्र सरकत्या दाराशी. शनिवारवाड्यावर परका झेंडा चढला त्या दिवशीचं विहीणबाई असं सांगत, जणू तेव्हा त्या शेजारच्याच आळीत दळण दळत होत्या. सगळ्यात संताप याचा, की मलाही पुढचं ऐकावंसं वाटे.

मग ठरवलं, सारानं जिंकायचं. कार्यक्रमाला नऊवारी, नथ आणि पुढ्यात हे मोठं पातेलं. रांगेतल्या प्रत्येकाला ठणकावून सांगत होते, "पेशव्यांच्या मुदपाकखान्यातलं हं!"

"काकू, एक नंबर! मज्जा होती यार पेशव्यांची," एक तरुण इंजिनिअर म्हणाला. विहीणबाईंनी वाटीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं प्यायल्या. मला वाटलं, जिंकले.

तेवढ्यात पाठ केलेलं संपवून नात माइकवर म्हणाली, "पण टोमॅटो तेव्हा नव्हता हं. माझ्या आजीच्या आजीला तो मीटसारखा दिसायचा, म्हणून ती घरातच येऊ द्यायची नाही. आजीनंच सांगितलंय मला."

हॉल खदखदून हसला. मी डाव हातात धरून तशीच. हे मी तिला कधी सांगितलं होतं, मलाच आठवेना.

घरी येताना गाडीत विहीणबाई म्हणाल्या, "काय बाप्पा! घसा कोरडा करून अख्खं अठराशे अठरा साल मी शिकवलं, अन् पोरगी मनानं बोलली ते तुमच्या आजीचं. माझी आजी कशी होती, हे तिनं कधी विचारलंसुद्धा नाही."