पलंगाला बांधलेली चिंधी

विमलताईंच्या वडिलांनी, बळीरामजींनी, लेकीच्या लग्नात जो पलंग आंदण दिला, त्याचा साग त्यांच्याच बांधावर वाढलेला होता. झाड तोडण्याची परवानगी मिळायला वर्ष लागले. स्थळ जुळायला दोन महिनेही लागले नव्हते. सुताराने उशाच्या फळीवर उमललेली कापसाची तीन बोंडे कोरली. मोर, पोपट, कमळ यांपैकी काहीच बळीरामजींना नको होते. जे शेतात पिकते तेच लेकीच्या उशाशी असावे, एवढीच त्यांची सौंदर्यदृष्टी. आणि ती खोटी नव्हती.

स्मृतिकारांनी स्त्रीधनाचा विचार मोठ्या बारकाईने केला आहे. अग्नीच्या साक्षीने मिळालेले, माहेर सोडताना मिळालेले, प्रीतीने दिलेले, असे त्याचे प्रकार मोजून त्यावरचा अधिकार स्त्रीचा मानला आहे. बाभुळगावजवळच्या या खेड्याला संस्कृत ठाऊक नव्हते. पण ‘आंदणाले हात लावाचा त बाईले पुसून’ हे वचन तिथे लहान मुलालाही ठाऊक होते. ठाऊक असणे आणि पाळणे यांमध्ये जे अंतर असते, त्या अंतरात विमलताईंची तेहतीस वर्षे गेली.

घरी खोल्या चार. दसरा उलटून वेचणी लागली की भाव चढेपर्यंत कापूस घरातच ठेवायचा असतो, आणि कापसाला ओल चालत नाही. पलंगाची खोली सर्वांत कोरडी. म्हणून नानाजी, म्हणजे विमलताईंचे यजमान, दरवर्षी पहिला कापूस त्या पलंगावरच टाकीत. कार्तिकात गादी झाकली जाई, मार्गशीर्षात खिडकी; पौषापर्यंत उशाच्या फळीवरची ती तीन बोंडे तेवढी पांढऱ्या ढिगातून वर दिसत. विमलताई स्वयंपाकघरात चुलीजवळ चटई टाकीत. कापसातल्या किड्यांनी हातांवर पुरळ उठे, त्यावर त्या खोबरेल लावीत. फाल्गुनात खोली मोकळी झाली की पुन्हा पलंगावर. नानाजी दुष्ट नव्हते. त्यांना व्यसन नव्हते, त्यांनी कधी हात उगारला नाही. ते विचारीत नसत, इतकेच.

मुलगा अक्षय कृषी पदवीधर होऊन शेतीच पाहू लागला, आणि त्याचे लग्न अडले. मुलींचे बाप वावर पाहून खूश होत आणि घर पाहून उठत. तीन वर्षांनी यवतमाळच्या प्रेरणाचे स्थळ आले. ती एका खासगी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत होती. पौषात ती आईवडिलांसह घर पाहायला आली, तेव्हा खोली कापसाने भरलेली होती. अक्षय संकोचाने दार ओढू लागला, पण ती आत डोकावली, ढिगावरून हात लांब करून तिने उशाची फळी चाचपली आणि म्हणाली, “हे कोणी कोरलं, आई? बोंडाच्या पाकळ्यासुद्धा मोजून काढल्यात!”

तेहतीस वर्षांत हा प्रश्न त्या घरात कोणीच विचारला नव्हता. आणि पोरीने ‘काकू’ न म्हणता पहिल्याच भेटीत ‘आई’ म्हटले होते.

“माह्या बाबानं देल्ला व पलंग,” विमलताई म्हणाल्या. “सुतार दोन महिने ओसरीत बसून होता.”

प्रेरणाने होकार दिला. हुंडा नको, आंदण द्यायचे नाही, घ्यायचेही नाही, मागणी एकच. एक खोली अशी हवी की जिच्यात कापूस येणार नाही. ती खोली सजवायला तिच्या ओळखीचा यवतमाळचा डेकोरेटर येईल. तो येण्यापूर्वी काय करून ठेवायचे, याची यादी तिने अक्षयच्या फोनवर पाठवली. अक्षयने ती आईला वाचून दाखवली. कपाट रिकामे करावे. भिंतीवरची कॅलेंडरे, खिळे काढावेत. सकाळी ऊन कुठून येते, दुपारी कुठे पडते, ते सांगून ठेवावे. रोज लागते तेवढेच खोलीत असावे. आणि जे ठेवायचे असेल त्याला खूण करावी, बाकीचे डेकोरेटर पाहील.

हे काम विमलताईंनी ज्या निष्ठेने केले, ती निष्ठा देवघराच्या योग्यतेची होती. त्या वर्षी कापूस लवकर, माघातच विकला गेला. भिंतींच्या कोपऱ्यांतून त्यांनी सरकीचा एकेक दाणा वेचला. त्रेपन्न खिळे काढले आणि भोके चुन्याने बुजवली. उन्हाची जागा अचूक कळावी म्हणून चार दिवस प्रहराप्रहराला फरशीवर खडूने रेघा ओढल्या. इतकी वर्षे त्या खोलीत ऊन कुठे पडते हे त्यांनाही माहीत नव्हते. हिवाळाभर तिथे खिडकीच उघडत नसे.

शेजारच्या तानाबाई दारात येऊन कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “काय व विमल, घटस्थापना करून राह्यली का काय?”

“डेकोरेटर येते.”

“थो काय करते?”

“खोली सजवते.”

“मंग तू काय करून राह्यली? सजवाच्या आंधी सजवणं? माह्या लग्नात त मले कोठीतच निजवलं होतं, तूर डोक्याशी न भुईमूग पायाशी.” तानाबाई हसल्या. “अन् नवरीही येते म्हणे त्याच्यासंगं, लग्नाच्या आंधी? कलियुग हाये माय!”

“येऊ दे. तिचंच घर हाये.”

“तुहं कधी होईन व?”

विमलताई चिंधी फाडीत होत्या.

वेलीवरचा एखादा दोडका किंवा भोपळा बियाण्यासाठी राखायचा असला की त्याच्या देठाला लुगड्याची चिंधी बांधतात. ती दिसली की घरातले, शेजारचे, वाटसरूसुद्धा त्या फळाला हात लावीत नाहीत. लिहिता-वाचता न येणाऱ्यांचा हा राजमुद्रांकित लेखच होय. यादीत ‘खूण करावी’ असे वाचल्यावर विमलताईंना दुसरी कोणती खूण सुचणार? त्यांनी आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडला आणि पलंगाच्या उशाकडच्या उजव्या खुराला त्याची चिंधी पक्की गाठ मारून बांधली. इतर कशालाही बांधली नाही.

नानाजींनी ती पाहिली. तिचा अर्थ त्यांना कळला नाही, असे म्हणता येणार नाही. परसातल्या भोपळ्याला ते स्वतःच चिंधी बांधीत.

परंतु त्यांच्यापुढे निराळीच चिंता होती. खोली गेली, आता कापूस कुठे ठेवायचा? गोठ्याला लागून टिनाचा छपरा होता, पण तिथली जमीन ओल धरी आणि उधई, म्हणजे वाळवी, लागे. खाली उंच मांडणी हवी, आणि तीही उधई न लागणाऱ्या लाकडाची. असे लाकूड घरात एकाच ठिकाणी होते.

एका सकाळी अक्षय तालुक्याला गेलेला असताना नानाजी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “प्रेरणाचा फोन आलता.”

विमलताई तांदूळ निवडीत होत्या. “कायले?”

“पलंग नको म्हणते जुना. नवा बनवणार हाये थो डेकोरेटर. मोकळी खोली पायजे त्याले.”

सुपातला हात थांबला. “तिनं त हात लावून पाह्यला होता.”

“तवा पाहुणी होती. पाहुणं सगळंच चांगलं म्हणते. आता राह्याचं हाये तिले.” मग, जे त्यांनी आयुष्यात कधी केले नव्हते ते केले, विचारले. “तुही काई हरकत त नाही न?”

खोटे बोलताना माणूस अधिक सभ्य होतो. ज्या प्रश्नाची त्या बाईने तेहतीस वर्षे वाट पाहिली, तो असा आला की त्याला ‘नाही’ एवढेच उत्तर उरावे. होणाऱ्या सुनेला फोन करून ‘बाई, तू असे म्हणालीस का?’ हे विचारणे सासूला शोभणारे नव्हते. हरकत घेतली तर लग्नाआधीच सासू आडवी आली असे झाले असते. आणि मोठ्या मिनतवारीने जुळलेले स्थळ.

“नेता त न्या,” त्या म्हणाल्या. “पण खुट्या काढून सोडवा. कापू नका.”

त्या सूप घेऊन परसात गेल्या. तिथे त्यांना करवतीचा आवाज ऐकू आला. खुट्या काढायला वेळ लागला असता, आणि पलंग आल्यानंतर बसवलेल्या नव्या, अरुंद चौकटीच्या दारातून बाजूच्या फळ्याही अखंड निघत नव्हत्या. शिवाय छपऱ्याला हव्या होत्या त्या आखूडच. विमलताईंनी ते तांदूळ दोनदा निवडले.

अक्षय परतल्यावर नानाजींनी त्याला सांगितले, “तुह्या मायनंच नेऊ देल्ला.” हे अक्षरशः खरे होते. अक्षयनेही आईला विचारले नाही. तो बापाचाच मुलगा होता.

आठवड्याने प्रेरणा आली, बरोबर ऋतिक नावाचा तो तरुण डेकोरेटर. त्याने दारातच चपला काढल्या, खोली न्याहाळली, फरशीवरच्या खडूच्या रेघा पाहून तो चकित झाला. “मॅडम, असा क्लायंट मी पाहिला नाही. उन्हाचा नकाशाच काढलाय!”

विमलताईंचा चेहरा उजळला. तेवढ्यात त्याने फोन काढला. “आता तो हेडबोर्ड दाखवा. कापसाची बोंडं कोरलेला. सगळं डिझाइन त्याच्यावरच बांधलंय मी. भिंतीचा रंग, पडदे, सगळं.”

प्रेरणा रिकाम्या भिंतीकडे पाहत होती. “आई, पलंग कुठाय?”

खोलीत अक्षय धरून चार माणसे होती आणि पाचवे दारात, नानाजी. विमलताईंनी त्यांच्याकडे पाहिले. नानाजींनी दाराच्या कडीकडे पाहिले, जणू ती सैल झाली होती. प्रेरणाचा फोन आलाच नव्हता हे त्या एका क्षणात विमलताईंना कळले, विचारणे का झाले हे कळले, छपऱ्याचेही कळले. एका वाक्यात सर्व सांगता आले असते. पण ते वाक्य उच्चारले की होणाऱ्या सुनेसमोर तिचा सासरा खोटारडा ठरत होता, आणि लग्न अजून दोन महिने दूर होते.

“मीच काढाले लावला,” त्या म्हणाल्या. “किडला होता बाई.”

ऋतिक निष्पापपणे म्हणाला, “साग किडला, काकू?”

“जुना होता. तेहतीस वर्षांचा.”

“जुना सागच तर... ” एवढे बोलून तो थांबला, कारण प्रेरणाने मान हलवली होती. ती वनस्पतिशास्त्र शिकवीत होती. सागाचे लाकूड तिला ठाऊक होते. जी वस्तू तिने पहिल्याच दिवशी वाखाणली तीच नेमकी तिच्या येण्याआधी नाहीशी झाली, आणि कारण सांगितले गेले ते खोटे. त्यावरून कोणत्याही बुद्धिमान मुलीने जो निष्कर्ष काढला असता, तोच तिने काढला. सासूला आपल्या बापाचा पलंग सुनेला वापरू द्यायचा नव्हता.

“ठीक आहे, काकू,” ती म्हणाली. “तुमची वस्तू होती.”

काकू. विमलताईंनी ते ऐकले आणि चहा ठेवायला त्या आत गेल्या. नानाजी बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. बैलांना पाणी तासापूर्वीच दाखवले होते.

लग्न वैशाखात यथासांग झाले. खोली सुंदर झाली. प्लायवूडचा पलंग, फिकट निळी भिंत, पडद्यामागे लपवलेले दिवे. प्रेरणा आता लोकांसमोर ‘आई’ म्हणते. घरात संबोधनाची वेळच येणार नाही अशा बेताने बोलते. “जेवण झालं का?” “औषध घेतलं का?” अशी तिची वाक्ये असतात. तिच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नाही. विमलताईंची चटई स्वयंपाकघरात बारमाही झाली आहे. त्यांच्यासाठी दिवाण घेऊ, असे अक्षय दोनदा म्हणाला.

कार्तिकात कापूस घरी येऊ लागला. नानाजींची मांडणी उत्तम साधली होती. सागाच्या फळ्या विटांवर आडव्या, कोरीव बाजू खाली. चार कोपऱ्यांना पलंगाचे कापलेले खूर आधाराला. ओल नाही, उधई नाही. “पाह्य, कसा कोरडा राह्यला,” ते गावाला दाखवीत.

एका दुपारी प्रेरणा घरातून म्हणाली, “कॉलेजच्या मुलींना कापसाचे फोटो हवेत. मी छपऱ्यात जाऊन काढते जरा.”

“थांब,” विमलताई घाईने म्हणाल्या. “झाडून येतो मी आंधी. धूळ हाये तथी.”

त्या पुढे गेल्या आणि गुडघ्यांवर बसल्या. मागच्या कोपऱ्यातल्या खुरावर हिरवी चिंधी अजून होती. नानाजींनी ती सोडण्याची तसदी घेतली नव्हती. सुनेने ती पाहिली असती तर तिला अर्थ कळला असता. परसातल्या भोपळ्यावरची चिंधी पाहून तिने श्रावणातच अक्षयला तिचा अर्थ विचारला होता. राखून ठेवायच्या वस्तूला ही खूण होती, ती सासूनेच बांधली होती, आणि मग ती वस्तू ज्याने कापली तो कोण, हेही कळले असते. सुनेचा संसार अवघा सहा महिन्यांचा होता. सासऱ्याला सून रोज ‘बाबा’ म्हणून ताट वाढत होती.

गाठ सुटेना. स्वतःच मारलेली पक्की गाठ. विमलताईंनी ती दातांनी सोडली.

प्रेरणा आली तेव्हा त्या परसात वेलीपाशी उभ्या होत्या. एका दोडक्याच्या देठाला त्यांनी ती हिरवी चिंधी बांधली होती.

“तो तोडू नको बरं,” त्या म्हणाल्या. “बियाण्याचा हाये.”

“नाही तोडणार,” प्रेरणा म्हणाली, आणि फोटो काढायला छपऱ्यात गेली.

तो दोडका माघापर्यंत वेलीवर वाळत राहिला. घरात कोणीही त्याला हात लावला नाही, नानाजींनीसुद्धा नाही.