दाबलेली शिंक

"सोसतंय की," असं म्हणून अक्का गालावर पालथा हात ठेवायच्या. दुखतंय का, सुजलंय का, काहीही विचारा, उत्तर एकच. असे पेशंट तुम्हीही पाहिले असतील. दवाखान्यात काम करणाऱ्यांना यांचीच भीती वाटते. ओरडणारा परवडला.

मी बीदरला दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. अक्का चिटगुप्प्याच्या, नवऱ्यामागं किराणा दुकान सांभाळणाऱ्या. उजवीकडच्या वरच्या दाढा गेलेल्या. काढघालीची कवळी नको, पक्क्या दाढा बसवा, म्हणाल्या. एकदा कडक भाकरी कडाकडा चावून खायची होती त्यांना. आमच्याकडची कडक भाकरी चांगल्या दातांचीही परीक्षा बघते, पण हौस!

वरच्या दाढांच्या वर हाडात एक पोकळी असते, सायनस. तिला आतून अंड्याच्या पापुद्र्याएवढा पातळ पडदा असतो. हाड कमी असलं की तो पडदा अलगद वर उचलून खाली हाडाची भुकटी भरतात. काही महिन्यांनी ती मुरली की स्क्रू आणि मग दाढ. अक्कांचा पडदा उचलताना जरासा फाटला. डॉक्टरांनी ठिगळ लावलं आणि लपवालपवी न करता त्यांना तसं सांगितलं. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडून शिंकायचं.

मी तर बाकावरच्या सगळ्या पेशंटांसमोर त्यांच्याकडून तालीम करून घेतली. पदर सावरत, इकडंतिकडं बघत अक्कांनी आ वासला आणि अगदी हळू "आक्शी" केलं. सगळे हसले. अक्काही हसल्या, पण अर्ध्याच तोंडानं, कारण उरलेलं अजून बधिर होतं.

आठवड्यानं टाके काढायला यायचं होतं. आल्या पंधरा दिवसांनी. डोळ्याखाली सूज, तोंडाला घाण वास. चूळ भरली की पाणी नाकातनं यायलंय, म्हणाल्या. मी भडकलेच. इतके दिवस काय करत होतात, असं विचारलं तर म्हणे सोसत होतं.

मग हळूहळू कळलं. लेकीचं लग्न जमत होतं. एकतिशी उलटलेली, आधीच्या दोन सोयरिकी ऐन वेळी मोडलेल्या. या वेळी बैठकीत मुलाचे वडील पसंती सांगायला तोंड उघडतात, तोच अक्कांना शिंक आली. त्यांनी नाकातोंडावर पदर घट्ट दाबला. गालात काहीतरी फुटल्यासारखं झालं, पण आवाज बाहेर आला नाही. सोयरीक जमली.

"कामून दाबलात अक्का?" मी म्हणाले. "तुम्ही लिंगायत, शरण लोक. शकुन-अपशकुन मानत न्हाई म्हणता की."

"मी न्हाईच मानत," अक्का म्हणाल्या. "पर ते मानत आसले तर?"

ठिगळ निघालं होतं, भुकटी सायनसमध्ये शिरून पू झाला होता. कलबुर्गीला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे ऑपरेशन करून ती काढावी लागली. त्या बाजूला पुन्हा स्क्रूचा विचार करायचा नाही, असं दोन्ही डॉक्टरांनी सांगितलं. लग्नात अक्का सुजल्या गालानंच मिरवल्या. नंतर निमूटपणे कवळी बसवून घेतली.

दीड वर्षानं कवळी टोचते म्हणून आल्या. बरोबर लेक होती. ती बाहेर बाकावर मान खाली घालून बसली. सात महिन्यांतच माघारी आली, अक्कांनी सांगितलं. मारत होते. दंडावरचे डाग मीही पाहिले. हे सगळं सांगताना अक्कांच्या डोळ्यात पाणी नव्हतं, आवाजही हलला नाही. दुसऱ्या कुणाच्या घरचं सांगावं तसं सांगत होत्या. मग म्हणाल्या,

"शिंकायला पायजे होतं बघ माय. उठून गेली आसती ती लोकं."

याच शिंकेवरून मी त्यांना झापलं होतं. आता मी खुर्चीवरचा दिवा त्यांच्या तोंडावर वळवला आणि कवळी घासायला दिली.

पुढच्या तारखेला त्या आल्या नाहीत. लेकीचा फोन आला. आई गेली, झोपेतच, नाव काढून टाका, म्हणाली. फार जीव होता माझा अक्कांवर. वहीतलं नाव खोडताना रडू येईल असं वाटलं. आलं नाही. आतून डॉक्टरांनी हाक मारली, आणि मी मास्क वर ओढून गेले.